अक्काचे अपुरे पारायण

गुरुकृपेचे स्मरण करून, मोबाइलवर एकेक अक्षर शोधत हे लिहितो आहे. चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे.

अक्का गेली, तेव्हा पोथी अर्धी राहिली होती.

आज तिला जाऊन वर्ष झाले. ती अर्धी पोथी अजूनही माझी झोप मोडते.

अक्का माझी थोरली बहीण. लग्न होऊन धुळ्याहून जळगावला गेली आणि तिथलीच झाली. बोली मात्र माहेरची ठेवली. दृष्टी गेल्यावर तिने एकच मागितले.

"भाऊ, माले पोथी वाची दखाड."

धुळ्याचे घर बंद करून मी तिच्याकडे राहायला गेलो. हातावर पाणी सोडून संकल्प केला, की संपूर्ण ग्रंथ तिच्या कानी घालीन.

डॉक्टरांनी तिच्या मुलाला, विलासला, बाजूला घेऊन सांगितले होते, फार दिवस धरू नका.

तेव्हापासून माझी नजर ओवीवर कमी आणि उरलेल्या पानांच्या जाडीवर अधिक.

अक्काला मात्र कसलीच घाई नव्हती.

वनाचे वर्णन आले की ती विचारी, तिथे कोणकोणती झाडे असतील. राजा रुसला की म्हणे, "हाऊ राजा ते आमना सासरासारखाच शे. जेवाले बठना का भांडण." मग हसू, हसण्यातून खोकला, आणि वाचन ठप्प.

विलास एकदा हळूच म्हणाला, "मामा, शेवटचा अध्याय तरी वाचून घ्या. फलश्रुती कानावर पडली म्हणजे झालं."

तिचे कान शाबूत होते.

"इलास, हाई काय तुनी डाळमिल शे का, माल लवकर काढाले?"

मग तोंड माझ्याकडे.

"नि तू रे भाऊ, बठ्ठं आजच सरी गयं ते सकाय मी काय ऐकू?"

सारे आजच संपले तर उद्या काय ऐकू. काळजी तशीच पोटात ठेवून वाचत राहिलो.

एका सकाळी, अध्यायाच्या ऐन मध्यात, राजपुत्र नदीपाशी पोहोचलेला असताना, तिने हात उंचावला.

"थांब. हाई परत वाच."

तीच ओवी पुन्हा वाचली. तिच्या चेहऱ्यावर हसू आले. त्या हसण्यातच तिचा डोळा लागला, तो पुन्हा उघडला नाही.

दशक्रियेला आप्तांनी मला विचारले, "आबा, संकल्प अपुरा राहिला. तिला काही बाधा तर नाही ना?"

मी पुराणिक; आयुष्यभर लोक अशा शंका घेऊन माझ्याकडे आले आणि मी शास्त्राधार काढून देत आलो. त्या दिवशी मी स्वतःसाठीच आधार शोधत बसलो.

वर्षभर हीच धास्ती. उरलेला ग्रंथ एकट्याने पूर्ण करावा म्हणून कितीदा बसलो. समोर ऐकणारे कोणी नाही, पोथी पुन्हा मिटून ठेवली.

गेल्या महिन्यात एका सप्ताहाच्या समाप्तीला गेलो होतो. शेवटची ओवी झाली, आणि वाचकाने रीतीप्रमाणे लगेच पहिला अध्याय उघडून आरंभीच्या ओव्या म्हटल्या. वाचन संपले असे होऊ नये, म्हणून आपल्याकडे असे करतात. मी स्वतः जन्मभर करत आलो. त्या दिवशी मात्र अंगावर काटा आला.

ज्या शेवटापाशी अक्काला पोहोचवायला मी जिवाचा आटापिटा करत होतो, तिथे मुक्काम कोणालाच नाही.

तिला हवे ते तिला रोज सकाळी मिळत होते. मी शेजारी बसून शेवटच्या पानाची वाट पाहत होतो.

भीती सरली असे म्हणणार नाही. माझेही दिवस किती, कोण जाणे.

तरी आज जळगावला श्राद्ध आटोपून, राहिल्या ओवीपासून वाचायला बसलो. विलास मिलला सुट्टी देऊन समोर बसला. दोनच ओव्या झाल्या असतील.

"मामा, नाव नाही, पूल नाही. हा नदी उतरला कसा असेल हो?"

पुढची ओवी वाचली असती तर लगेच कळले असते. मी वाचली नाही. धुळ्याच्या पांझरा नदीच्या पुराची गोष्ट निघाली, लहानपणी अक्काने मला पाठीवर घेऊन ओलांडलेल्या ओढ्याची निघाली. विलासची बायको चहा घेऊन आली, तीही बसली. दुपार कलली.

राजपुत्र अजून अलीकडच्या काठावरच आहे.

अक्का, तुला साष्टांग नमस्कार.

हे वाचणाऱ्या सर्वांना ईश्वर उदंड आयुष्य देवो. आणि वाटेत कोणी आपुलकीने थांबवले, तर थांबण्याइतकी उसंतही देवो.