लॅमिनेट केलेली माणसं

चष्म्याचं दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून चष्मेवाल्यांना एकच नाद उरला होता, जुन्या चेहऱ्यांचा. दीडशे वर्षांपूर्वी एखादा बडा वक्ता वारला किंवा एखादी गायिका गाजली, की फोटोवाले त्यांचा फोटो पत्त्याच्या पानाएवढ्या पुठ्ठ्यावर चिकटवून विकायचे. लोक हौसेनं आठवण म्हणून घ्यायचे. अशी कार्डं चष्मेवाल्यांनी अर्धं आयुष्य खपून जमवली होती. बायको असताना म्हणायची, "घरच्यांपेक्षा या मेलेल्यांचीच विचारपूस जास्त!"

गुडघ्याच्या ऑपरेशनला जाण्याआधी ते सुनेजवळ कुरकुरले होते, "कसर लागलीय गं. न्यायाधीशाची अर्धी दाढी खाल्ली मेलीनं. मी परत येईपर्यंत काय उरतंय कोण जाणे."

सून गुणी होती. सासऱ्यांचं बोलणं तिनं मनावर घेतलं.

ते काठी टेकत घरी आले, तेव्हा तिनं त्यांना खुर्चीत बसवलं आणि जाडजूड गठ्ठा मांडीवर ठेवला. "डोळे उघडा आता, बाबा!"

सगळी कार्डं लॅमिनेट केलेली होती. एकूणएक. गरम यंत्रातून काढून, चकचकीत प्लास्टिकात कायमची बंद. काहींवर बुडबुडे आले होते. गायिकेचा गाल फुगला होता. एका सेनापतीचा तपकिरी रंग पार करपला होता.

"लॅमिनेशनवाल्याकडे स्वतः उभी राहिले," सून म्हणाली. "त्याच्या हातून एखादं हरवलं असतं तर? आता कसर काय, पाणी सांडलं तरी चिंता नाही."

चष्मेवाल्यांनी करपलेल्या सेनापतीवरून अंगठा फिरवला. ओरडावं, तर कुणावर? ती पोर त्यांच्या तोंडाकडे आशेनं बघत होती.

"छान केलंस," ते म्हणाले.

दुपारी घर झोपलं, तेव्हा त्यांनी ब्लेडनं गायिकेच्या कार्डाची कड उचकटून पाहिली. प्लास्टिक निघालं, पण त्याच्यासोबत चेहराही निघून आला. खाली नुसता पुठ्ठा उरला. ते कार्ड त्यांनी कपड्यांच्या कपाटात खाली सारून ठेवलं आणि बाकीच्यांना हात लावला नाही.

मग पाहुणे आले की सून गठ्ठा बाहेर काढायची. "बाबा, सांगा ना, हा कोण?" आणि ते सांगायचे, वक्ता कसा बोलायचा, न्यायाधीश कुणाला घाबरायचा. पाहुणे कार्डांवर बोटं फिरवायचे, चहाचे कप ठेवायचे. प्लास्टिकला काय होतंय!

एकदा जुन्या वस्तूंच्या दुकानदाराचा फोन आला. चष्मेवाले रिक्षानं गेले. दुकानदारानं कागदाच्या घडीतून एका खगोलशास्त्रज्ञाचं कार्ड काढलं. काळी किनार, कोवळा तपकिरी रंग, डोळे अजून ताजे. हे कार्ड मिळावं म्हणून चष्मेवाल्यांनी ठिकठिकाणी सांगून ठेवलं होतं. कार्ड ते बराच वेळ उजेडात धरून बसले.

"गुंडाळून देऊ?"

"नको. तुमच्याकडेच राहू दे."

"अहो, पैशांचं नंतर बघू!"

"तसं नाही हो. घरी नेलं की सून म्हणणार, बाबा, हेही लॅमिनेट करून आणते. नको म्हटलं, तर का नको, हे सांगावं लागेल. आणि ते मला या जन्मी जमायचं नाही."

चष्मेवाल्यांनी कार्ड कडांना धरून अलगद कागदावर ठेवलं, घडी घातली आणि काठी शोधू लागले.