टक्क्यानंतरची ओळ

मेहबूब बागवान शेवटचं प्रूफ खालून वर वाचतात. सतराव्या वर्षी मंडईमागच्या छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायला बसले, तेव्हा लागलेली ही खोड. सरळ वाचलं की मन अर्थामागे धावतं आणि डोळे आळशी होतात, असं त्यांचं म्हणणं. आता साठी आली, खिळे गेले, संगणक आला. ते साध्या मजकुराच्या फायलीत आज्ञा पेरून पुस्तकं मांडतात. धोक्याच्या सूचनेला लागणारी लाल चौकट, जाड अक्षरं, सगळं एका ‘इशारा’ शब्दात बांधणारा मॅक्रो, म्हणजे जोडआज्ञा, त्यांनी स्वतः लिहिलाय, आणि त्याचं कौतुक ते भेटेल त्याला ऐकवतात.

डॉ. हेमा साठ्ये ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हेत. बाई निवृत्त बालरोगतज्ज्ञ. परिचारिकांसाठी त्यांनी औषधांची पुस्तिका लिहिली होती आणि बुधवारी ती छापखान्यात जायची होती.

“अहो मेहबूबभाई, परिचारिका काय शीर्षासन करून वाचणार आहेत? द्या पाठवून!”

मेहबूबभाई ओशाळले. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी उलटं न वाचता फाईल पाठवली.

गुरुवारी सकाळी चहा तसाच ठेवून ते टेबलाशी बसले. मशीन दहाला सुरू होणार होतं. त्यांनी निमूटपणे प्रत काढली आणि शेवटच्या पानाच्या तळाशी बोट ठेवलं.

एक्केचाळिसाव्या पानावर बोट अडलं. ‘मलम : प्रमाण १दिवसातून दोनदा लावावे.’ आकड्यानंतर जागाच नव्हती. खिळ्यांच्या काळात दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा शिशाची असायची, हातानं बसवावी लागायची. ती विसरणं मेहबूबभाईंच्या रक्तात नव्हतं. त्यांनी फाईल उघडली.

तिथे लिहिलं होतं, ‘प्रमाण १%. दोन वर्षांखालच्या बाळांना लावू नये.’ त्याखालच्या ओळीत, ‘दिवसातून दोनदा लावावे.’

या प्रणालीत टक्क्याचं चिन्ह दिसलं की ओळीचा उरलेला भाग, ओळीअखेरच्या मोकळ्या जागेसकट, खाजगी टिपण समजून गाळला जातो. टक्का छापायचा तर त्याआधी एक तिरकी रेघ द्यावी लागते. सगळ्या पुस्तकात त्यांनी ती दिली होती. पण हे बदललेलं पान बाईंनी बुधवारी दुपारी धाडलं आणि त्यांनी ते घाईत जसंच्या तसं चिकटवलं. संगणकानं हूं की चूं केलं नव्हतं.

पावणेदहा. त्यांनी छापखान्याच्या आमोदला फोन लावला.

“मेहबूबभाई, प्लेटा चढल्या. शाई लावतोय.”

“थांबव! एकही कागद सोडू नकोस!”

“बरं बुवा, थांबवलं. ओरडू नका.”

मेहबूबभाई खुर्चीत टेकले. थांबलं होतं. एकाही बाळाच्या अंगाला ते मलम लागणार नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी खुशाल येऊ दिलं. मग रेघ दिली, वाक्य आपल्या ‘इशारा’त बसवलं आणि बाईंना फोन करून सगळं कबूल केलं.

बाईंनी या वेळी ऐकून घेतलं. मग, “घाई माझी होती. आमोदला दुपारनंतरची वेळ द्या. मी येते.”

तासाभरात बाई येऊन शेजारी बसल्या, शेवटचं पान समोर ओढलं आणि तळाशी बोट ठेवलं. दोघं एकेक ओळ वर सरकत राहिले. एक्केचाळिसाव्या पानावर बाई थांबल्या. “दोन वर्षांखालच्या बाळांना लावू नये,” त्यांनी मोठ्यानं वाचलं. लाल चौकटीवरून एकदा बोट फिरवलं आणि चष्मा काढून पुसला.

“चांगलं दिसतंय,” त्या म्हणाल्या. “आता चाळिसावं घ्या.”