नलूमावशींची दहा दिवसांची वही

नलूमावशींच्या अंबाड्यात कायम एक बॉलपेन खोचलेलं असायचं. तालुक्याच्या कोर्टात कारकुनी करून निवृत्त झाल्यावर त्या दिवेआगरला आमच्या शेजारी राहायला आल्या. कुणाकडे चोरी होवो की भांडण, त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आधी वेळ लिही. रडायचं नंतर." मला त्या बाईचा तेव्हा रागच यायचा.

माझी सात वर्षांची पूर्वा शाळेतून येत होती. बापूशेठच्या सुपारीच्या वाडीपाशी त्यांचा कुत्रा लाल्या तिच्या पोटरीला चावला. सासूबाईंनी घरच्या रीतीप्रमाणे जखमेवर चुना थापला. तेवढ्यात मावशी आत आल्या, चुना पुसला, पोरीला नळाखाली बसवलं आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं साबणाने जखम धुतली. पूर्वा किंचाळत होती. "सव्वाचार. लिही," त्या म्हणाल्या. "आणि दवाखान्याच्या कागदावर कुत्रा कुणाचा, तेही लिहून घ्यायचं."

इंजेक्शनं लगेच सुरू झाली. बापूशेठनी मात्र हात वर केले. "लाल्या आमचा कुठं हाय? वाडीत येतो-जातो बापडा." आमच्याकडे वाड्यांतले कुत्रे असेच. वाडीत उतरणाऱ्या पाहुण्यांच्या ताटातला उरलेला मासळी-भात खाऊन राखण करतात तोवर मालकाचे, चावले की गावाचे. म्हणून तर गळ्यात कुणी पट्टा घालत नाही.

माझा नवरा चार जणांना घेऊन काठ्यांसह निघाला. मावशी फाटकात आडव्या उभ्या राहिल्या. "मारलात तर पोरीला धोका आहे की नाही, ते मला कोण सांगणार? पिसाळलेला असेल तर दहा दिवस काढणार नाही. काढले, तर पोर सुटली. तो डोळ्यांसमोर जिवंत हवा." मग ओट्यावर बसून दोन अर्ज लिहिले. एक पोलीस ठाण्याला, मालकाच्या हलगर्जीपणाबद्दल. दुसरा ग्रामपंचायतीला. "त्याचा असेल तर तो जबाबदार, कुणाचाच नसेल तर पंचायतीला विचारू. दोघांच्या मध्ये पोरीला लटकू द्यायची नाही. आणि पोच घेतल्याशिवाय परत यायचं नाही."

रोज सकाळी त्या वाडीच्या कुंपणाशी जायच्या आणि वहीत लिहायच्या: जेवला. पाणी प्यायला. मी दारात उभी असायचे. "प्यायला?" एवढंच विचारायचे. त्यांनी मान हलवली की मला घास गिळता यायचा. पूर्वा झोपेत खोकली तरी मी उठून दिवा लावायचे.

नवव्या दिवशी लाल्या दिसेना. मेला असेल, असंच मला वाटलं. मावशी मला ओढतच बापूशेठकडे घेऊन गेल्या. रस्त्यात कळलं, पोलीस येऊन गेल्यावर बापूशेठनी कुत्रा नारळाच्या टेम्पोतून बहिणीच्या गावी धाडला होता.

"बापू, गावचा कुत्रा टेम्पोत घालून बहिणीकडे कोण पोचवतं रे?"

बापूशेठनी हात जोडले. "माझाच हाय, मावशी. भ्यालो."

मावशींनी अंबाड्यातलं पेन काढलं. "हेच लिहून दे. वेळ घाल."

दहाव्या दिवशी सकाळी आम्ही दोघी त्या गावी गेलो. लाल्या माडाला बांधलेला होता. मावशींनी त्याच्यापुढे पाण्याचं भांडं सरकवलं. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग तोंड घातलं आणि भांडं चाटूनपुसून रिकामं केलं. मावशींनी घड्याळ पाहून वहीत लिहिलं, वही मिटली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "हं. आता रड." मी तिथेच मातीत बसून हमसून हमसून रडले.

बापूशेठनी दवाखान्याचा खर्च दिला आणि लाल्याच्या गळ्यात पट्टा आला. पूर्वाच्या पोटरीवर तेवढा व्रण राहिला आहे.

गेल्या वर्षी मावशी गेल्या. सकाळी पूर्वा त्यांना चहा द्यायला गेली आणि धावत परत आली. मी जाऊन त्यांचा हात धरला, तो गार पडला होता. भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, त्यांच्या अंबाड्यातलं पेन काढलं आणि त्यांच्या वहीत वेळ लिहिली. सात वाजून पाच मिनिटं. मग वही मिटली. आता रड, असं सांगायला कुणी नव्हतं.