लासूरचा हुरडा आन् गच्चीवरची बियर

...आन् सगळ्यात आधी कोण टपकलं असंल? शेजारचे कुलकर्णी सर! माझ्या पोरानं, संदीपनं चारला बोलावलं होतं, हे जेवून हात धुतले की जिना चढून हजर. खिशात स्वतःचा ग्लास, रुमालात गुंडाळलेला. म्हटलं सर, बसा निवांत, बियर अजून फ्रीजमध्ये झोपलीय.

तर परवा रविवारी आमच्या गच्चीवर बियरचं टेस्टिंग झालं. (मी चौथीपर्यंतची बाई, लिहिण्यात चुकलं तर पोटात घाला.) माझ्या संदीपची इथं सिडकोत बियर शॉपी आहे, दुकान खाली, आम्ही वर. दुकानात बसून प्यायला परवानगी नाय, म्हणून नवीन माल आला की तो नेहमीच्या गिऱ्हाइकांना पाहुणे म्हणून गच्चीवर बोलावतो.

कटिंग चहाच्या ग्लासात दोन-दोन घोट, बास. ती माणसं आधी वास घेतात, मग उजेडात धरून बघतात, मग तोंडात फिरवत बसतात... जशी काय मुलगी बघायला आलीत! मी पीत नाय, पण मला ते बघायला लई आवडतं.

यावेळची बियर ज्वारीची होती. पुण्याच्या पोरांनी बनवलेली. मागं आंब्याची आली, कॉफीची आली, तेव्हा मी लक्ष दिलं नाय, पण ज्वारी म्हटल्यावर कान टवकारले. संदीप म्हणाला, आई, याच्यासोबत हुरडा पाहिजे, कुठून तरी विकत आणतो.

विकत? माझी मंगल लासूर स्टेशनला दिलीय, त्यांचा शाळू आत्ता ऐन दुधात आहे, आन् मी हुरडा विकत आणू?

पण मंगलला सांगायचं कसं... आमचे जावईबापू माळकरी. संदीपनं हे दुकान टाकलं तेव्हापासून त्यांनी या घरचं पाणी सोडलं. भांडण नाय, तंटा नाय, रस्त्यात भेटले तर वाकून पाया पडतात. पण उंबरा नाय ओलांडला. ते येत नाय म्हणून मंगल पण येत नाय.

लेक भेटते मला... खुलताबादला मारुतीच्या दर्शनाला, नायतर कुणाच्या लग्नात. देवळाच्या पायरीवर बसून मायलेकी डब्यातलं खातो, मग तिची बस तिकडं, माझी इकडं. पायरीवर मन भरत नाय हो. दर पंचमीला मी गच्चीवरच्या पाइपाला झोका बांधते... शेजारच्या पोरी खेळून जातात.

शेवटी फोन केला. खरं तेच सांगितलं, बियरवाले लोक येणारेत, त्यांना हुरडा खाऊ घालायचाय, पिशवी भरून बसमध्ये ठेवून दे. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "यांना विचारते, आई." आन् फोन ठेवला.

रविवारी सरांच्या मागं बाकीचे पण जमले, हुरड्याचा मात्र पत्ता नाय. संदीपनं पहिला कॅन फोडला तेवढ्यात खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. कठड्यावरून वाकून बघते तर... जावईबापू! डोक्यावर टोपी, गळ्यात माळ, खांद्यावर कणसांचं पोतं. मागं मंगल, हातात गोवऱ्यांनी भरलेलं घमेलं. बियर शॉपीच्या बोर्डाखाली उभे दोघं.

संदीप धावत खाली गेला. "दाजी, तुम्ही कशाला त्रास घेतला?"

"मग काय करू? तुझी बहीण म्हणती पिशवीत भरा. अरे, हुरडा काय कुरिअर करायची वस्तू हाय का? गार खाऊन लोक म्हणतील लासूरचा शाळू असलाच! आगटी कुठं पेटवायची तेवढं सांग."

आमचा जिना घरातूनच वर जातो. बोलता बोलता तावातावानं चढले, उंबरा कधी ओलांडला त्यांचं त्यांना कळलं नसंल... मला कळलं. मी पण गच्चीवरून खाली आले होते, दाराला धरून उभी राहिले.

मग काय विचारता! घमेल्यात गोवऱ्या पेटल्या, कणसं भाजली, जावईबापू गरम कणसं हातावर चोळून हिरवेगार दाणे ताटात पाडायला लागले. बियरवाले आपापले ग्लास कठड्यावर ठेवून त्यांच्याभोवती मांडी घालून बसले. जावईबापू म्हणतात, "खा ना लवकर, गप्पा काय मारता! गार झाल्यावर दात दुखतील."

आन् कुलकर्णी सरांना काय अवदसा आठवली... एक ग्लास थेट जावईबापूंच्या पुढं धरला. "घ्या, ज्वारीचीच आहे." संदीपचं तोंड पांढरं पडलं. मी मनात म्हटलं, आता उठतात आन् जातात.

जावईबापूंनी ग्लास घेतला, नाकाजवळ नेला, आन् सरांना परत दिला. "वासाला माळेची हरकत नाय, सर. पण हुरडा सोडून हे पिणारा माणूस मी आज पहिल्यांदा बघतोय." सगळी गच्ची हसली, सर सगळ्यात जास्त.

मग जावईबापू घाम पुसत माझ्याकडं वळले. "मामी, धुरानं घसा कोरडा पडला. तांब्याभर पाणी द्या."

मी पाण्याला खाली गेले तर मंगल आधीच स्वयंपाकघरात. चटणीला मीठ हवं होतं तिला. न बघता तिचा हात जुन्या फळीवर गेला... तिथं आता मिक्सर असतो. हात तसाच राहिला.

"आई, मिठाचा डबा कुठं ठेवतेस गं आता?"

मी डबा काढून दिला, मग तांब्या भरून तिच्याच हातात दिला, म्हटलं तूच ने.

अंधार पडायच्या आत दोघं निघाले, म्हशींच्या धारा होत्या. लोक पिशव्या भरभरून कॅन घेऊन गेले, बियर लई भारी होती म्हणतात... मला विचाराल तर कुणी नीट चाखलीच नाय. गच्ची झाडायला घेतली, पण कणसांचा भुसा टाकवेना. कोपऱ्यात राहू दिलाय.

देवाचे आभार मानू का शाळूचे, कळत नाय मला. टेम्पोत बसताना मंगल म्हणाली, भोगीला येतो आई, दोघं पण, जेवायलाच. जावईबापूंनी पण मान हलवली, मी नीट बघितलं.

भोगी पुढच्या मंगळवारी आहे.