प्लगचं तोंड

“आधी तोंड कुठं हाय ते पाहू,” असं म्हणत आमचे मिस्त्री खिशातून काळं स्केचपेन काढायचे. तोंड म्हणजे स्पार्क प्लगचं. टोकाशी ठिणगीची फट ज्या बाजूला उघडी असते, त्या बाजूनं वरच्या पांढऱ्या चिनीमातीवर ते एक रेघ ओढत. प्लग घट्ट बसला की ती रेघ पेट्रोल आत येणाऱ्या व्हॉल्व्हकडे असली पाहिजे. नसली तर जोर लावायचा नाही, दुसरा प्लग लावून पाहायचा. चार प्लगांसाठी डझनभर आत-बाहेर व्हायचे, आणि गिऱ्हाइकं चहावर चहा पीत बसायची.

दिंडोरी रोडवरच्या त्यांच्या गॅरेजात माझी जुनी गाडी पंधरा वर्षं जात होती. मी पॉलिटेक्निकात हाच विषय शिकवायचो, त्यामुळे राहवायचं नाही.

“मिस्त्री, तोंड कुठंही असो, आपल्या गाड्यांना काही फरक पडत नाही.”

“सर, तुमचं पुस्तक कधी घाट चढलंय का? गाडी लय हलकी होते. फरक नाय निघाला तर हे पेन सोडीन.”

माणूस शब्दाचा पक्का. मला मात्र तेव्हा सगळी गंमतच वाटली.

एका रविवारी आम्ही पेठ रस्त्याच्या घाटाशी गेलो. तोंडं सुलट ठेवून एकदा चढलो. खाली येऊन, इंजिन थंड होईपर्यंत शेंगदाणे खात बसलो. मग त्यांनीच सगळी तोंडं उलट केली आणि पुन्हा चढलो. घड्याळही त्यांच्याच हातात होतं. वर पोचल्यावर त्यांनी काटे दोनदा पाहिले.

“सारखंच हाय,” ते म्हणाले.

मी जिंकलो होतो, पण त्याचा आनंद काही होईना.

दुसऱ्या दिवसापासून पेन बंद. दहा मिनिटांत प्लग बसायचे, गाडी बाहेर. गिऱ्हाइकं खूश. मिस्त्रींचा हात मात्र मधूनच खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. मला ते पाहवत नसे.

पुढच्या सर्व्हिसिंगनंतर माझी गाडी चढावर गचके देऊ लागली. मिस्त्रींनी प्लग काढले. एका कोऱ्या प्लगच्या चिनीमातीला केसाएवढी चीर होती. त्यांचा चेहरा उतरला.

“रेघ ओढायची तर प्लग बोटांत फिरवावा लागायचा, सर. नजर आपोआप फिरायची. असा प्लग माझ्या हातून कधी गेला नव्हता.”

मला स्वतःचीच लाज वाटली. समोरच्या दुकानातून मी काळं स्केचपेन आणलं आणि त्यांच्यापुढे धरलं. “शब्द तुम्ही मला दिला होता. त्यातून मी तुम्हाला मोकळं करतो.”

“आता पुस्तकात लिहा हे,” म्हणत त्यांनी ते खिशाला लावलं.

मिस्त्री जाऊन दोन वर्षं झाली. परवा नव्या गॅरेजात मेकॅनिकनं माझ्या गाडीचे प्लग काढले. चारही प्लगांवर काळी रेघ होती, तेलानं जरा पुसट झालेली.

मी नवे प्लग त्याच्याकडून मागून घेतले. पहिला बोटांत फिरवत खिशातलं पेन उघडलं.

“यानं गाडीला काय फरक पडतो, काका?”

“गाडीला काही नाही,” मी म्हणालो, आणि रेघ ओढली.