सासूबाईंचा शॉवर

माझ्या सासूबाईंना आयुष्यातली पहिली शॉवरची अंघोळ मी घातली, आणि तीही नेसत्या लुगड्यावर.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. गडहिंग्लजला अंगणात घसरून त्यांचा उजवा हात मोडला, म्हणून माझी बायको सुमन त्यांना कोल्हापूरला आमच्याकडं घेऊन आली. प्लास्टरमुळं तांब्या उचलेना आणि लेकीकडून अंघोळ घालून घ्यायला संकोच वाटे. त्या परत जायचं काढू लागल्या.

"शॉवर बसवतो," मी जाहीर केलं.

"प्लंबर बोलवा की," सुमन म्हणाली.

"दोन पाईप न् एक व्हॉल्व्ह. त्याला प्लंबर कशाला?"

तांब्याचे दोन पाईप, गरम आणि गार, भिंतीतून आधीच बाहेर काढलेले होते. पण गरम पाण्याचा बोटभर बाजूला! व्हॉल्व्हचं एक तोंड बसलं की दुसरं हुकायचं. तांबं मऊ असतं असं ऐकलं होतं, म्हणून पाईपला हिसडा दिला. (खरंच मऊ असतं.) पाईप चेपला आणि भिंतीतल्या जोडातून उपटून हातात आला. पाण्याचा कॉक मी आधीच बंद केला होता. तो स्वयंपाकघराचा निघाला.

"काय झालं ओ जावईबापू?" म्हणत सासूबाई दारात आल्या आणि फवारा थेट त्यांच्या अंगावर. नशीब, गीझर बंद होता.

सुमन गच्चीवर टाकी बंद करायला पळाली. मी भिंतीला तळहात लावून उभा. सासूबाईंनी मोडका हात वर धरला होता, म्हणून प्लास्टर तेवढं वाचलं. माझी मान वर होईना. तेवढ्यात त्या हसू लागल्या. हात मोडल्यापासून पहिल्यांदाच, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"बाही बसंना म्हणून कुणी मनगटाला वडतंय व्हय? खांद्याची शिवण उसवायची."

मी वरचा गिलावा फोडला, पाईप आवळून धरणाऱ्या क्लिपा सैल केल्या, आणि उरलेला पाईप मुकाट सरकला. (नवा तुकडा जोडायला प्लंबर आलाच. सुमननं माझ्यापुढं चहाचा कप जोरात आदळला.)

प्लास्टर निघेपर्यंत सासूबाई राहिल्या, प्लास्टरला पिशवी बांधून रोज दार लावून मनसोक्त अंघोळ करत. गावी गेल्यावर भिजल्याचं त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. फक्त सांगितलं, "जावयानं सोताच्या हातानं शॉवर बसवला." त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.

आठवड्याभरात त्यांच्या भावाचा फोन आला.

"पावणं, आमच्या हिरीवरची मोटर बंद हाय. कवा येतासा?"