दर सोमवारी बंद पडणारं शटर

शटरला मोटर बसवायची अवदसा मलाच आठवली. आईवडील धुळ्याला, मी नोकरीपायी जळगावला. आबांचा उजवा खांदा आखडला होता आणि गॅरेजचं लोखंडी शटर वर ढकलताना ते कळवळायचे, म्हणून मी म्हटलं, रिमोटवर करून टाकू. भिंतीवर वेगळं बटण देऊ का, असं मिस्त्रीने विचारलं, तर मी शहाण्यासारखा 'नको' म्हणालो. येणारंजाणारं कोणीही दाबेल, अशी मला भीती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दिवाळी झाली आणि रिमोट चालेनासा झाला. शटर उघडलं नाही तर गाडी निघत नाही आणि गाडी निघाली नाही तर आबा घर डोक्यावर घेतात. सोमवारी आणि गुरुवारी सोनगीरला थोरल्या बहिणीकडे जायचं, स्वतः गाडी चालवत, हायवेने, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा नेम होता. हाताने उघडायला साखळी होती, पण ती ओढायला खांदा साथ देईना आणि शेजाऱ्याला हाक मारणं त्यांना कमीपणाचं वाटे. मग उरलो मी.

पहिल्या रविवारी एरंडोल, पारोळा करत दोन तास गाडी हाणत पोचलो. मोटरचा डबा पार छताजवळ. स्टुलावर चढलो, डब्यातलं इवलंसं बटण दाबलं, दिवा लुकलुकला, लगेच रिमोटचं बटण दाबलं. रिमोटची ओळख मोटरला पटली. शटर वर, शटर खाली. आबांनी स्वतः चार वेळा करून पाहिलं आणि म्हणाले, "बरं झालं." सोमवारी सकाळी आठला त्यांचा फोन, "तुझं शटर बंद पडलं." चालू असलं की त्यांचं, बंद पडलं की माझं.

दुसऱ्या रविवारी सेल बदलले. तिसऱ्या रविवारी आग्रा रोडवरच्या दुकानातून नवा रिमोट आणला. दुकानदार म्हणाला, जुन्यात पाणी गेलं असेल, दसऱ्याला पूजेत ठेवला होता का? ठेवला होता. हळदकुंकू, अक्षता, वर पळीभर पाणीही, कार आणि शिलाई मशीनच्या बरोबरीने. मला वाटलं, सापडला चोर. नवा रिमोट लावला, संध्याकाळपर्यंत शटर गुणी बाळासारखं वागलं आणि सोमवारी सकाळी ये रे माझ्या मागल्या. चौथ्या रविवारी मिस्त्रीलाच धरून आणलं. त्याने व्होल्टेजला दोष दिला. समोरच्या घरातल्या नानांनी मोबाइलच्या टॉवरला दिला. आबांनी अर्थातच मला दिला. मी इंजिनिअर असून एक शटर धड लावता येत नाही, हे त्यांनी नानांना माझ्यादेखत ऐकवलं.

या सगळ्यात माय एक शब्द बोलत नव्हती. मी स्टुलावर उभा राहून घामाघूम व्हायचो आणि ती खालून म्हणायची, "चहा ठेवू का?" मला तिचाही राग यायचा. घरात एवढं रामायण चाललंय आणि हिला चहाचं पडलंय.

पाचव्या रविवारी मी इरेला पेटलो. रजा टाकली आणि मुक्कामच केला. झोपण्याआधी रिमोट दाबून पाहिला, चालत होता. सोमवारी पहाटे सहाच्या सुमाराला जाग आली ती फरशीवर काहीतरी सरकल्याच्या आवाजाने. आबा न्हाणीत होते. मी गॅरेजच्या आतल्या दारापाशी गेलो आणि तिथेच थिजलो. बहात्तर वर्षांची माझी आई, जिला मोबाइलवर आलेला फोन धड उचलता येत नाही, ती डुगडुगत्या स्टुलावर चढून मोटरच्या डब्यातलं बटण दाबून धरून उभी होती. ओठ हलत होते. आकडे मोजत होती.

मी तिला धरून खाली घेतलं. भांडणच काढणार होतो, पण तिनेच माझ्या तोंडावर हात ठेवला.

"दहा मोजापावत दाबी धरं ना, का बठ्ठं पुसाई जास," ती हळूच म्हणाली. मोटर बसवताना मिस्त्रीने तिला बजावलं होतं, हे बटण दाबून धरू नका, सगळे रिमोट पुसले जातील. तिने ते नीट लक्षात ठेवलं होतं.

"पण कसाले?"

"त्यास्ले डावी बाजूनं काहीच दिसस नही. डाक्टरनी सांगं तव्हय मी जोडेच व्हतू."

काचबिंदू. गाडी चालवू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं आणि आबा 'बरं' म्हणून घरी आले होते. दुसऱ्या दिवशी सोनगीरला गेले. दिवाळीच्या आधी गाडीचा डावा आरसा तुटला, तेव्हा ट्रकवाल्याने मारला असं त्यांनी मला सांगितलं. मी ट्रकवाल्याला दोन शिव्या हासडल्या आणि नवा आरसा बसवून दिला. डोळ्यांत थेंब कसले टाकता, एवढंही मी कधी विचारलं नव्हतं. त्या सकाळी मला स्वतःची लाज वाटली.

"मग माले का नही सांगं?"

"तुना पोटमा काही राहस का?"

हेही खरंच. आमच्या घरात आबांना तोंडावर 'नको' म्हणायची पद्धत नाही. 'हो' म्हणायचं आणि होऊ द्यायचं नाही, ही मायची पन्नास वर्षांची रीत. निवृत्तीनंतर त्यांना म्हैस पाळायची होती, तेव्हा ती लगेच हो म्हणाली आणि पुढे वर्षभर म्हैस आणायला एकही दिवस चांगला निघाला नाही. पण म्हैस वेगळी आणि हायवे वेगळा. मी ठरवलं, आज तोंडावर बोलायचं.

आबा दारापुढच्या ओट्यावर चहा घेत होते. मी समोर बसलो. कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून म्हणालो, "आबा, हा रिमोट काही आता दुरुस्त व्हायचा नाही."

"होईल," ते म्हणाले. "तू येत्या रविवारी ये आणि लाव."

"कशाला? परत बंद पडायला?"

त्यांनी आत स्वयंपाकघराचा कानोसा घेतला आणि आवाज खाली आणला. "मला दिसत नाही रे, पण ऐकू येतं अजून. ती स्टुलावर चढली की मी न्हाणीत तांब्या हातात धरून थांबतो. ती खाली उतरली की मगच अंगावर पाणी घेतो."

मीही स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"तिला बोलू नको. मला माहीत नाही असं तिला वाटतं." त्यांनी बशीतला चहा हलवला. "लोकांना शटर बिघडलंय म्हणून सांगता येतं. डोळे गेले हे सांगवत नाही. आणि रविवारी तू रिमोट लावलास की संध्याकाळपर्यंत तरी गाडी माझी असते."

म्हणजे दीड महिना मी दोघांच्या मध्ये खुळ्यासारखा नाचत होतो. शटरला काही झालेलंच नव्हतं. मला संताप आला आणि कोणावर काढावा कळेना. मी उठलो, साखळी ओढून शटर उघडलं आणि गाडी बाहेर काढली. आबा डावीकडच्या सीटवर येऊन बसले. सोनगीर येईपर्यंत आम्ही पावसापाण्याचं बोललो.

पुढच्या रविवारी जाताना रुंद पायऱ्यांचं, धरायला दांडी असलेलं लोखंडी स्टूल घेऊन गेलो. बल्ब बदलायला बरं, असं मायला सांगितलं. ती 'बरं' म्हणाली. त्यावर चढून मी रिमोट लावला, आबांनी चार वेळा शटर वरखाली केलं आणि मी मुक्कामाला राहिलो.

सोमवारी पहाटे न्हाणीत पाणी पडत होतं. गॅरेजमधून स्टुलाचा आवाज आला आणि ते थांबलं. मी अंथरुणात दहा मोजले, मग आणखी दहा, आणि न्हाणीत पाणी पुन्हा पडायला लागेपर्यंत श्वास रोखून पडून राहिलो.